आईच्या दुर्बिणीतून दोन चंद्र दिसतात. दुरुस्त करावी का?

कृत्तिका_मोजणारी:
आई मार्च २०२४ मध्ये गेली. तिची ७×५० ची (सातपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ५० मिलिमीटरची) जुनी दुर्बीण माझ्याकडे आली आणि आणताना माझ्याच हातून पडली. भिंगं शाबूत आहेत, पण आता एकाचे दोन चंद्र दिसतात, तेही तिरके. पाच मिनिटांत डोकं ठणकायला लागतं. एका दुरुस्तीवाल्याकडे दिली, त्याने बाहेरून लख्ख पुसून परत केली. दोन्ही चंद्र जागेवर!

नवीन घेता येईल, माहीत आहे. पण ही कोणाची होती ते ऐका. आई म्हणजे गडगडाट होता. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मी आठ वर्षांची. पहाटे अंगावरचं पांघरूण ओढून, ओढतच गच्चीत नेलं. मला शेपटीवाला राक्षस हवा होता, दिसला एक पुसट डाग. मी भोकाड पसरलं. ती म्हणाली, "अगं, शहात्तर वर्षांनी भेटायला आलाय, थकलाय बिचारा!" वर बजावलं, "२०६१ ला मी नसेन. तू त्र्याऐंशीची होशील. दात नसले तरी बघायचं."

आधी नुसत्या डोळ्यांनी कृत्तिकांच्या पुंजक्यातल्या चांदण्या मोजायच्या, आकडा सांगायचा, मगच दुर्बीण हातात, हा तिचा नियम. मी सहा मोजायचे आणि सात सांगायचे. तिला कळायचं. ढग आले की ढगांना शिव्या, अगदी मोठ्याने.

८ जून २००४ ला शुक्र सूर्यावरून गेला, तेव्हा तर सकाळपासून रस्ता अडवून बसली होती. दुर्बीण खुर्चीला बांधलेली, एका नळीवर माझा शाळेतला मोजा चढवलेला, समोर पांढरा पुठ्ठा आणि त्यावर सूर्याची तबकडी. शुक्र म्हणजे नुसता काळा ठिपका. येणाऱ्याजाणाऱ्याला हाका, "या, बघून जा! आठ वर्षांनी एकदा आहे, मग थेट २११७!" आणि दुर्बिणीला डोळा लावायला कोणी वाकलं की हातावर फटका. आंधळे व्हाल म्हणायची.

मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. त्याला आकाश दाखवायचंय, पण ते याच दुर्बिणीतून. काय करू?

लोलक:
आतला लोलक, म्हणजे प्रकाश वळवणारी प्रिझमची काच, सरकलाय. पडलेल्या दुर्बिणींचं हे नेहमीचंच दुखणं. दोन्ही नळ्या एका दिशेला बघत नाहीत, डोळे ती दोन चित्रं जुळवायला ताण घेतात, म्हणून डोकं दुखतं. स्वतः उघडू नका. लोलक जुळवण्याचे बारीक स्क्रू असतात, पण अंदाजाने फिरवले तर दोन्ही चंद्र एकमेकांपासून आणखी लांब जातील. प्रकाशीय उपकरणं जुळवून देणारा माणूस शोधा, पुसून देणारा नको. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. तेही त्याला दाखवा.

तोपर्यंत एक नळी झाकून टाका. राहिलेल्या नळीतून एका डोळ्याने बघा, कोपर कठड्यावर टेकवा. गुरूचे चार चंद्र ओळीत दिसतात. हात स्थिर हवा, बस्स.

रोखठोक:
भावना समजतात, पण ५० ला ७ ने भागलं तर डोळ्यात जाणारी प्रकाशाची शलाका साधारण ७ मिलिमीटरची येते. पन्नाशीच्या आसपास आपल्या डोळ्याची बाहुली अंधारातही बहुधा तेवढी उघडत नाही. कडेचा प्रकाश वाया. तुमच्यासाठी १०×५० घ्या, ही मुलाला द्या. त्याची बाहुली अजून उघडते.

पहाटपाखरू:
२०६१ च्या जुलैपर्यंत कशाला थांबताय? मे महिन्याच्या सुरुवातीला आणि २१ ऑक्टोबरच्या सुमारास पहाटे ज्या उल्का पडतात, तो हॅलेच्याच वाटेवरचा चुरा. त्याला दुर्बीण लागतच नाही, उताणं पडायचं. आणि हॅले डिसेंबर २०२३ मध्ये नेपच्यूनच्याही पलीकडून वळलाय. निघालाय इकडे.

माझी आई शब्दकोड्यांची. उत्तर नाही सुचलं तर स्वतःच शब्द बनवायची आणि भांडायची. मीही भांडते.

कृत्तिका_मोजणारी:
@पहाटपाखरू, म्हणजे आई असतानाच तो वळला होता! मला माहीतच नव्हतं. शेवटचे काही महिने ती अंथरुणावर होती, पण हे सांगितलं असतं तर उठून बसली असती आणि आधी त्यालाच झापलं असतं, इतका वेळ कुठे होतास म्हणून.

@रोखठोक, हिशोब पटला. दुर्बीण मुलाचीच. माझी बाहुली जशी आहे तशी.

@लोलक, तुमचं वाचलं आणि कपाळावर हात मारला. एक नळी झाकायची हे मी डोळ्यांसमोर बघितलं होतं, इथे लिहिलंसुद्धा, तरी सुचलं नाही. काल रात्री गच्चीत गेलो. चिरंजीवांनी कृत्तिका मोजल्या, नऊ म्हणाले. मी म्हटलं, खोटं. "बरं, सहा," म्हणाला. मग गुरू. तीन चंद्र दिसले, चौथा बहुतेक गुरूच्या आड किंवा पुढे असावा. दुर्बीण कोणाकडे राहणार यावरून आमची झटापट झाली, ती वेगळीच.

नळीचं झाकण कधीच हरवलंय. मोजा चढवला. या खेपेला त्याचा.