'आय विल फॉलो यू इंटू द डार्क' : लव्ह साँग की आत्महत्येचं गाणं?

निशाचर:
डेथ कॅब फॉर क्युटी या अमेरिकन बँडचं हे गाणं आठवडाभर लूपवर चालू आहे. २००५ च्या 'प्लॅन्स' अल्बममधलं, नुसता गायक बेन गिबर्ड आणि एक अकूस्टिक गिटार, बाकी बँड गायब. मी कायम लव्ह साँग म्हणूनच ऐकलं पण काल मित्राला ऐकवलं तर म्हणे अरे हा सरळ सांगतोय की तू मेलीस की मीपण मागोमाग जीव देतो, रोमँटिक कसलं डोंबल! तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

बेसूर:
मित्राने दुसरं कडवं ऐकलेलं दिसत नाही. कॅथलिक शाळा, काळ्या कपड्यातली बाई हातावर मारते आणि वर शिकवते की प्रेमाच्या मुळाशी भीतीच असते, हा गप्प ऐकून घेतो आणि परत तिकडे फिरकत नाही. माझ्या मते सगळं गाणं इथेच उलगडतं. स्वर्ग-नरक दोघांनी 'जागा नाही'ची पाटी लावली तरी मी आहे ना सोबत, एवढंच म्हणणं आहे त्याचं. जीव द्यायचं कुठे आलं?

निशाचर:
पण मग 'लगेच मागे असेन' म्हणतो त्याचं काय?

रिकामा_डबा:
'लगेच' आहे पण त्याच्या आधी 'कधीतरी' पण आहे ना, पहिल्याच ओळीत. आणि शेवटच्या कडव्यात बँकॉकपासून कॅलगरीपर्यंत सगळं बघून झालंय, बुटांचे तळवे झिजलेत, आता झोपायची वेळ. हे मला तरी म्हातारं जोडपं वाटतं. आमचे आजोबा गेले तेव्हा आजी रोज म्हणायची मीपण आता निघालेच, त्यानंतर सहा वर्षं जगली, मस्त जगली. पण म्हणायची ते खोटं नव्हतं हो.

बेसूर:
हे भारी. बाय द वे त्याच अल्बममधलं 'व्हॉट सेरा सेड' याच्या लगोलग ऐका. हॉस्पिटलची वेटिंग रूम, आणि तिथे प्रेम म्हणजे कुणालातरी मरताना बघत बसणं. इकडे अंधारात सोबत यायचं वचन देऊन मोकळा, तिकडे खरी वेळ आली तर नुसती खुर्ची आणि वाट बघणं, कुठे जाता येत नाही की काही करता येत नाही. मला तर हे दुसरं जास्त लागतं.

निशाचर:
आत्ताच ऐकलं. मित्राला पण पाठवलंय, ब्लू टिक आलीये, रिप्लाय नाही.