शांत कृष्णवर्णीय बाईने शांत राहावं की बोलकं व्हावं?

मोगरी (धागाकर्ती)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, मग हाणामारी करू. अमेरिकेतली एखादी कृष्णवर्णीय बाई स्वभावाने अबोल असेल, तर तिने तसंच राहावं. त्याला 'खंबीर मौन', 'मूक निषेध' अशी भारदस्त नावं द्यायची गरज नाही आणि तिला बोलकं करायला शिकवणी लावायचीही गरज नाही.

मी अटलांटाजवळ राहते. ऑफिसात एक कृष्णवर्णीय मैत्रीण आहे, कामात चोख, बोलणं मोजकं. मीटिंगमध्ये ती गप्प असली की कोणीतरी विचारतंच, "काही बिनसलंय का?" तिच्या शेजारी मीही गप्पच बसलेली असते, मला कधी कोणी विचारत नाही. भारतीय बाई गप्प म्हणजे 'नम्र', आणि ती गप्प म्हणजे 'रागावलेली'. बरं, स्वतःच्या माणसांतही सुटका नाही. त्यांच्या चर्चमध्ये प्रवचनाला लोक मोठ्याने साद देतात, उभे राहतात, टाळ्या वाजवतात. ही हात जुळवून बसून ऐकते, म्हणून मावश्यांच्या मते पोरगी गोऱ्यांच्या शाळेत शिकून शिष्ट झाली.

गोऱ्या अमेरिकेच्या डोक्यात कृष्णवर्णीय बाईचा एक साचा फार जुना आहे: तोंडाळ, कजाग, नवऱ्याला फाडून खाणारी. 'एमॉस अँड अँडी' या रेडिओ कार्यक्रमातल्या सफायर नावाच्या बायकोमुळे त्या साच्याला नावच मिळालं. तो कार्यक्रम १९२८ ला सुरू झाला, पुढे टीव्हीवरही आला. २००८ च्या निवडणुकीत मिशेल ओबामांना याच साच्यात कोंबायचा प्रयत्न झाला. त्याच्या उत्तरादाखल तयार झालेला दुसरा साचा म्हणजे 'स्ट्राँग ब्लॅक वुमन'. सगळं सोसणारी, कंबरेवर हात ठेवून ठणकावणारी. ही प्रतिमा प्रेमाने दिलेली आहे खरी, पण तिच्यातही घुम्या मुलीला बसायला जागा नाही.

टेनिसवाल्यांसाठी एक उदाहरण. २०१८ च्या यूएस ओपन फायनलमध्ये सेरेना विल्यम्स पंचांशी भांडली, १७,००० डॉलर दंड. त्याच सामन्यात पलीकडे उभी असलेली, जिंकूनही रडवेली झालेली नाओमी ओसाका २०२१ मध्ये फ्रेंच ओपनला म्हणाली की मला पत्रकार परिषदा झेपत नाहीत, मी येणार नाही. १५,००० डॉलर दंड. ओरडली तरी दंड, गप्प बसली तरी दंड. मग स्वभाव बदलायचा तो कशासाठी?

टेनिसवेडा

मोगरीताई, आकडे बरोबर, पण तुलना चुकली. सेरेनाचे १७,००० तीन वेगवेगळ्या गोष्टींचे होते: पंचाला अपशब्द १०,०००, प्रेक्षागृहातून कोचिंग ४,०००, रॅकेट आपटली ३,०००. ओसाकाचा दंड पत्रकार परिषद टाळल्याचा. ती परिषद ग्रँड स्लॅमच्या नियमांत आहे, गोऱ्या खेळाडूलाही चुकत नाही. लाजाळू खेळाडू काय कमी आहेत? येतात, दोन वाक्यं पुटपुटतात, जातात.

शिवाय ती त्या वेळी जागतिक क्रमवारीत दुसरी होती आणि फोर्ब्सच्या २०२० च्या यादीत जगातली सर्वात जास्त कमावणारी महिला खेळाडू. १५,००० डॉलर तिला चहापाण्याचे. पात्रता फेरीतून आलेल्या मुलीला ही चैन परवडेल का?

आणि खरं सांगायचं तर ओसाकाचा शांतपणा जपानी आहे. आई जपानी, जन्म जपानचा. तिला कृष्णवर्णीय बायकांचं उदाहरण म्हणून घेणं ओढूनताणून वाटतं.

मोगरी

दंडाच्या तपशिलाबद्दल आभार. परवडण्याचा मुद्दाही मान्य. पण ती नुसती परिषद टाळून थांबली नव्हती. चारही ग्रँड स्लॅमवाल्यांनी मिळून पत्रक काढलं की असंच चाललं तर हकालपट्टी होऊ शकते. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच माघार घेतली आणि लिहिलं की मी अंतर्मुख आहे, २०१८ पासून नैराश्याने ग्रासले आहे, स्पर्धांमध्ये कानाला हेडफोन दिसतात ते लोकांत वावरताना होणारी घालमेल कमी व्हावी म्हणून. म्हणजे 'मी अशी आहे' हे सिद्ध करायला तिला आजाराचा दाखला जोडावा लागला.

तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर मात्र मी अडून बसणार. ओसाकाचे वडील हैतीचे. ती तीन वर्षांची असताना अमेरिकेत आली आणि न्यूयॉर्कजवळ हैतीहून आलेल्या आजी-आजोबांच्या घरात राहिली. तरीही शांतपणा आईकडचा आणि सर्व्हिसची ताकद वडिलांकडची, असं आपण न विचारता वाटून टाकतो! ताशी १९० किलोमीटरने सर्व्हिस मारली की ती कृष्णवर्णीय, मान खाली घातली की जपानी. कृष्णवर्णीय माणूस मुळातच शांत असू शकतो हे डोक्यात शिरत नाही, म्हणून ही वाटणी. तिने स्वतः २०२० मध्ये सरळ लिहिलं होतं की खेळाडू असण्याआधी मी एक कृष्णवर्णीय बाई आहे.

टेनिसवेडा

जपानी-जपानी फार झालं खरं. तो परिच्छेद मागे. नियमाचा मुद्दा मागे घेत नाही.

तिरकस

धागा वाचून जरा गुदमरायला झालं. अबोलपणा हा 'स्वभाव' म्हणून इतका निरागसपणे मांडलाय की इतिहासच गळून पडला. कृष्णवर्णीय बाईचं गप्प राहणं हे अमेरिकेत सोयीचं होतं, आणि कोणाच्या सोयीचं हे विचारायला हवं.

अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरीची गोष्ट घ्या. रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही ती १ डिसेंबर १९५५ ला. त्याच शहरात त्याच वर्षी २ मार्चला क्लॉडेट कोल्विन नावाच्या १५ वर्षांच्या मुलीने नेमकं हेच केलं होतं, आणि तेही माझा घटनात्मक हक्क आहे असं ओरडून सांगत. तिला चळवळीचा चेहरा का केलं नाही? ती तोंडाळ, भावनाप्रधान, गरीब वस्तीतली, रंगाने जास्त काळी. पुढे ती गरोदरही राहिली. पार्क्स शिवणकाम करणाऱ्या, सौम्य, शोभिवंत. शांत बाई निवडली गेली कारण ती खपणारी होती.

पण न्यायालयात काय झालं? बसमधला वर्णभेद ज्या खटल्याने मोडला, त्या ब्राउडर विरुद्ध गेल खटल्यात पार्क्स वादी नव्हत्याच. ज्या चार जणींच्या नावावर निकाल लागला, त्यांत कोल्विन होती, आणि तिने साक्ष दिली. नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. तोंडाळ पोरीने खटला जिंकून दिला आणि पुतळे शांत बाईंचे उभे राहिले.

ऑड्री लॉर्ड १९७७ मध्ये, गाठ कर्करोगाची आहे का या धास्तीतून नुकत्याच बाहेर पडल्या असताना, एका परिषदेत उभ्या राहून म्हणाल्या होत्या की आपलं मौन आपल्याला वाचवत नाही. ती बाई कृष्णवर्णीय, समलिंगी आणि कवी. तिला हे 'स्वतःला स्वीकारा' प्रकरण ऐकवून बघा.

मोगरी

तिरकस, कोल्विनबद्दलचं सगळं खरं आहे आणि ते लिहिलंत हे बरं झालं. पण पार्क्स यांना तुम्हीही त्याच चौकटीत चिणताय, ज्यात त्यांना पाठ्यपुस्तकांनी चिणलं. त्या १९४३ पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेच्या मॉन्टगोमेरी शाखेत सचिव होत्या. १९४४ मध्ये रेसी टेलर या बाईवर गोऱ्या तरुणांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा माहिती गोळा करायला अॅबेव्हिलला जाणाऱ्या पार्क्सच. घरोघर जाणं, ऐकून घेणं, टिपणं काढणं. हे काम कर्कश माणसाला जमत नाही हो. त्या मृदू बोलणाऱ्या होत्या आणि चिवटही होत्या, आणि हे दोन्ही एकाच बाईत होतं. तुम्ही म्हणता ते 'शोभिवंत' असणं त्यांच्यावर लादलं गेलं. मृदू बोलणं त्यांचं स्वतःचं होतं.

तिरकस

मग होल्ट स्ट्रीट चर्चचं काय करायचं? पार्क्स यांच्या अटकेनंतरची ५ डिसेंबर १९५५ ची सभा, हजारो लोक, भाषण मार्टिन ल्यूथर किंग यांचं. पार्क्स यांनी विचारलं, मी काही बोलू का? उत्तर मिळालं की तुमचं बोलून झालंय पुरेसं. १९६३ च्या नागरी हक्कांसाठीच्या वॉशिंग्टन मोर्चातही एकाही बाईला मुख्य भाषण दिलं नाही. आता मला सांगा, यातला किती शांतपणा 'तिचा' आणि किती दुसऱ्यांनी बसवलेला? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. हाच माझा आक्षेप आहे.

पानगळ

मला वाटतं याच प्रश्नावर डार्लिन क्लार्क हाइन या इतिहासकार बाईंनी १९८९ मध्ये लिहिलं होतं. दक्षिणेतून उत्तरेकडच्या शहरांत आलेल्या, घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांबद्दल. बलात्काराची भीती आणि बदनामी दोन्ही पाठीशी असल्यामुळे या बायका वरवर मोकळ्या, गप्पिष्ट दिसत, पण आतलं काही कळू देत नसत. म्हणजे तिरकस म्हणतात त्याच्या उलटही होतं: बडबड हा मुखवटा, आणि त्यामागे खरी गप्प बाई.

केव्हिन क्वाशी या अभ्यासकाने २०१२ च्या पुस्तकात आणखी पुढचं म्हटलंय. मेक्सिको ऑलिंपिक १९६८ चा टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूंचा फोटो सगळ्यांना उंचावलेल्या मुठींसाठी आठवतो. त्यांच्या झुकलेल्या माना कोणी बघत नाही. कृष्णवर्णीय माणसाची प्रत्येक हालचाल प्रतिकार म्हणूनच वाचली, तर त्याला खाजगी मन उरतच नाही. हे मला फार पटलं. रोजच्या जेवणालाही कोणी आंदोलन म्हणायला लागलं तर जेवणार कसं?

भीमाकाठ

पँथर हे नाव आपल्याकडे तिकडूनच आलं, ब्लॅक पँथरवरून. १९७२, मुंबई. त्या भाषेच्या धगीवरच आमच्या घरातली माणसं वाढली, तिच्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. पण सभेत कधी माईक न धरलेल्या, पत्रकं वाटणाऱ्या, पोरांचा अभ्यास घेणाऱ्या बायका आमच्याकडेही होत्या, आणि त्यांची नोंद कमी झाली. त्या बोलल्या नाहीत म्हणून की त्यांना कोणी विचारलं नाही म्हणून, हे आता शोधायचं तर त्यांतल्या बऱ्याच राहिल्या नाहीत. धागा अमेरिकेचा आहे, तिथेच राहू दे. पण तिरकस यांचा 'किती तिचा, किती बसवलेला' हा प्रश्न मला जास्त रास्त वाटतो.

जर्सीची_काकू

तत्त्वज्ञान पुरे, आता पगाराचं बोलू. मी कंपनीत माणसं नेमायचं आणि बढत्यांचं काम बघते. बोलणाऱ्याची बोरं विकतात. मुलाखतीत गप्प बसलेली गोरी मुलगी 'विचारी' ठरते, कृष्णवर्णीय मुलगी 'तयारी कमी' ठरते. हे अन्यायाचं आहे, मला रोज दिसतं. पण मोगरी, तू तुझ्या मैत्रिणीला 'तू आहेस तशीच राहा' सांगणार आणि बढती मिळणार दुसऱ्याला. मी अशा मुलींना सांगते, मीटिंगच्या पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न विचारून मोकळी हो. मग दिवसभर गप्प बस, कोणी हुं म्हणणार नाही.

मोगरी

काकू, तुमची युक्ती चांगली आहे, ती वापरतेही. पण मग तिच्या साहेबालाही काही शिकवणी लावा ना. विषयपत्रिका आदल्या दिवशी पाठवायची, लेखी मत मागवायचं, ते मीटिंगमध्ये तिच्या नावानिशी वाचायचं. खर्च शून्य. दर वेळी शांत बाईनेच का वाकायचं?

जर्सीची_काकू

साहेब माझं ऐकत असता तर मी इथे टाइमपास करत बसले असते का?

तिरकस

एक शेवटचं उदाहरण देतो. ऑक्टोबर २०१५, स्प्रिंग व्हॅली हायस्कूल, साऊथ कॅरोलायना. फोनवरून काहीतरी झालं, वर्गातून बाहेर जा म्हटल्यावर एक कृष्णवर्णीय मुलगी बाकावरून उठली नाही. शाळेतल्या पोलिसाने तिला बाकासकट उलटी पाडून फरफटवलं. व्हिडिओत बरीचशी मुलं खाली माना घालून बसलेली दिसतात. नाया केनी ही १८ वर्षांची वर्गमैत्रीण मात्र ओरडली, आणि 'शाळेत व्यत्यय आणल्या'च्या कायद्याखाली तिलाही अटक झाली. पुढे ती त्या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेली. २०१८ मध्ये राज्याने कायदा बदलला, २०२३ मध्ये संघराज्य अपील न्यायालयाने जुना कायदा अस्पष्ट म्हणून घटनाबाह्य ठरवला. ती गप्प बसली असती तर?

मोगरी

हे उदाहरण मीही देणार होते, दुसऱ्या बाजूने. ज्या मुलीला फरफटवलं तीही ओरडत नव्हती, नुसती बसून होती. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या लॉ सेंटरचा २०१७ चा अहवाल सांगतो की पाच ते चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुली मोठ्यांना त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस वाटतात, त्यांना जपायची गरज कमी वाटते. आवाज कितीवर ठेवला याने हे बदलत नाही. तो बदलून बघा असं त्या मुलींना सांगणं म्हणजे चूक त्यांच्याच पदरात घालणं.

तिरकस

आणि त्या खाली माना घातलेल्या मुलांना काय सांगाल? 'हा तुमचा स्वभाव, स्वीकारा'?

मोगरी

नाही. त्यांना सांगेन, बोला. ओसाकाही बोललीच होती. २०२० च्या यूएस ओपनला सात सामने, सात मास्क, प्रत्येकावर एका मृत कृष्णवर्णीय माणसाचं नाव. पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्या ब्रिओना टेलरपासून सुरुवात केली तिने. पण डोळ्यांसमोर कोणी मुलीला फरफटवत असताना गप्प बसणं वेगळं, आणि मंगळवारच्या आढावा बैठकीत गप्प बसणं वेगळं. या दुसऱ्या गप्प बसण्यासाठी कोणी तिच्याकडे खुलासा मागू नये, इतकंच मागतेय.

तिरकस

अर्धं मान्य. होल्ट स्ट्रीटचं उत्तर मात्र अजून दिलेलं नाही तुम्ही.