मदत हवी आहे: यंत्रमानव विद्यार्थ्यांच्या गोष्टीवरील उत्तर चूक कसे?

रानजाई
माझ्या मुलीच्या घटक चाचणीत यंत्रमानव विद्यार्थ्यांच्या विज्ञानकथेवर प्रश्न होते. मुले यंत्रमानव आहेत हे केव्हा कळते, या प्रश्नाला तिने ‘घंटा होताच सगळी मुले एकाच क्षणी वह्या मिटतात तेव्हा’ असे लिहिले आणि तिचे दोन गुण गेले. अगदी शेवटी वीज जाते आणि मुले जागच्या जागी थिजतात तेव्हा, असे उत्तर बाईंना हवे होते. वह्यांचा प्रसंग तर त्याच्या कितीतरी आधी येतो. उद्या पालकसभा आहे, म्हणून कृपया लवकर सांगावे.

शाईपेन
इयत्ता कोणती, उतारा मराठीचा की इंग्रजीचा, पाठ्यपुस्तकातला की अपठित, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. प्रश्न शब्दशः द्यावा. ‘कळते’ म्हणजे कोणाला कळते, यावरच उत्तर अवलंबून आहे.

जुनी वही
माझ्या मुलालाही उताऱ्यांची धास्ती होती. आम्ही त्याला आधी कृती वाचायच्या आणि मगच उतारा वाचायचा, अशी सवय लावली. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्याला 4 गुण असतात आणि या पद्धतीने तिथे पुष्कळ वेळ वाचतो. आपणही हेच करून पाहावे.

पिंपळपान
‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या 1920च्या चेक नाटकातून जगभर पसरला आणि त्याचे मूळ वेठबिगारी या अर्थाच्या ‘रोबोता’ या शब्दात आहे. त्या नाटकातले यंत्रमानव धातूचे नसून कृत्रिम सजीव द्रव्यापासून घडवलेले आहेत, त्यामुळे वीज गेल्यावर ते थिजले नसते. उताऱ्याच्या लेखकाने ही कल्पना कोठून घेतली असावी?

खिडकीपाशी
ही आयझॅक असिमोव्ह यांची 1951ची शाळेवरची कथा तर नव्हे? ती 2157 सालात घडते. पण तिच्यात यंत्र शिक्षकाच्या जागी आहे आणि विद्यार्थी माणसांची मुले आहेत. मार्गीला भूगोलात सारखे कमी गुण पडू लागतात तेव्हा तपासनीस यंत्र उघडून पाहतो आणि दोष मुलीचा नसून भूगोलाचा भाग जरा जास्त वेगाने लावला गेला होता, असे तिच्या आईला सांगतो. म्हणून माझे मत असे आहे की मुलीचे उत्तर तपासण्याआधी प्रश्न तपासावा.

रानजाई
ती कथा नव्हे. सातवीचा मराठीचा अपठित उतारा आहे. उत्तरपत्रिका आत्ता समोर घेतली आहे. प्रश्न असा आहे: ‘वर्गातील मुले यंत्रमानव असल्याचे शिक्षिकेला कोणत्या प्रसंगावरून कळते?’ ‘शिक्षिकेला’ हा शब्द माझ्या लिहिण्यातून राहून गेला होता.

शाईपेन
वह्या मिटल्या जातात तेव्हा शिक्षिका काय म्हणते किंवा मनात काय आणते?

रानजाई
‘इतकी शिस्तीची मुले मी पाहिली नव्हती,’ असे ती मनाशी म्हणते आणि नव्या शाळेत बदली झाल्याबद्दल तिला समाधान वाटते.

शाईपेन
मग बाईंचे उत्तर बरोबर आहे. वह्यांच्या प्रसंगात वाचकाला शंका येते, शिक्षिकेला मात्र कौतुक वाटते. आणि वाचकाला जे जाणवले ते पात्राच्या ध्यानातही न येणे, यावरच ही सगळी गोष्ट उभी आहे. जुनी वही यांच्या पद्धतीला माझा विरोध आहे तो यासाठीच. हा प्रश्न आधी वाचला, की मुले यंत्रमानव आहेत हे प्रश्नच सांगून टाकतो, आणि मग उतारा वाचताना पहिली विचित्र गोष्ट दिसली की तिलाच मूल उत्तर समजते. आपल्या मुलीने आधी प्रश्न वाचले होते का?

रानजाई
होय, शिकवणीत तसेच करायला सांगतात.

जुनी वही
एका उताऱ्यावरून पद्धत मोडीत काढू नये. माहितीपर उताऱ्यात ती चालतेच. शिवाय मुलीने सूक्ष्म खूण बरोबर टिपली आहे, त्यामुळे निदान एक गुण मागावा.

शाईपेन
माहितीपर उताऱ्याबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. मात्र गोष्ट असेल तर आधी गोष्टच वाचावी. गुणासाठी आग्रह धरू नये असे मला वाटते, कारण प्रश्नात शिक्षिकेचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याऐवजी ‘वाचकाला पहिली शंका कोठे येते?’ असाही प्रश्न वर्गात चर्चेला घ्यावा, अशी विनंती बाईंना करावी.

खिडकीपाशी
त्याच उताऱ्यावर स्वमताचा प्रश्न होता का? त्यात तिने काय लिहिले?

रानजाई
होता. यंत्रमानव विद्यार्थ्यांना पाठ समजला असे म्हणता येईल का, असे विचारले होते. तिने लिहिले आहे: ‘नाही. सगळ्यांनी सगळी उत्तरे बरोबर दिली, पण बाईंना एकानेही प्रश्न विचारला नाही.’ तिथे तिला पूर्ण गुण आहेत. उद्या मी दोन गुणांचा विषय काढणार नाही. वाचकाच्या शंकेच्या प्रश्नाविषयी मात्र बाईंशी नक्की बोलेन.