नवी गादी अंगाला मानवतेय की नाही, हे नक्की कसं ओळखायचं?

नमस्कार. जाणकारांनी मार्गदर्शन करावं, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आमची जुनी गादी मधोमध बसली होती, रात्री दोघंही घरंगळून मध्ये यायचो. ती बदलून आता वर मेमरी फोमचा पातळ थर आणि खाली कडक फोम अशी गादी घेतली. दुकानात पाठ टेकून पाहिली तेव्हा दोघांनाही आवडली होती. घरी आल्यापासून मात्र सकाळी माझा उजवा खांदा अवघडलेला असतो, कधी कधी हाताला मुंग्याही येतात. उठून हालचाल सुरू झाली की अर्ध्या तासात सगळं मोकळं होतं. मी कायम उजव्या कुशीवर झोपते. नवरा उताणा झोपतो, वजनानेही माझ्यापेक्षा बराच जास्त आहे. त्याची कंबर मात्र या गादीवर दुखायची थांबली आहे.

अडचण अशी की परत करायची मुदत संपत आली आहे. नव्या गादीची सवय व्हायला दोन-चार आठवडे लागतात असं सगळेच सांगतात आणि ते मला पटतंही. पण सवय होईल म्हणून वाट बघत बसले आणि मुदत उलटली, तर पुढची कित्येक वर्षं ह्याच गादीवर काढायची आहेत. शरीर अजून रुळतंय की गादीच चुकली आहे, हे कुठल्या खुणांवरून ठरवायचं? त्याला एवढा आराम मिळत असताना गादी परत करायचंही जिवावर येतं.

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुखणं कुठे आहे आणि ते कुठल्या दिशेने चाललंय, या दोन गोष्टी बघा. रुळताना होणारा त्रास सहसा अंगभर पसरलेला, मोघम असतो आणि आठवड्यागणिक कमी होत जातो. एकाच जागी दुखत असेल आणि कमी व्हायचं नाव नसेल, तर त्या जागेवर दाब येतोय. कुशीवर झोपणाऱ्याचा सगळा भार खांदा आणि खुबा यांवर असतो. हे दोन्ही गादीत थोडे रुतले, तरच मधला मणका सरळ राहतो. उताण्या माणसाला एवढं रुतणं लागत नाही. शिवाय वजन जास्त असेल तर तीच गादी मऊ लागते, म्हणून तुमचे दोघांचे अनुभव वेगळे आहेत. दोघंही खरं तेच सांगताय.

आज एक करा. नेहमीसारख्या कुशीवर झोपा आणि पाठीमागून, गादीच्या उंचीवरून, फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ सरळ दिसायला हवी. कंबर खाली झोळली असेल तर गादी मऊ आहे. खांदा वर रेटला जाऊन रेघ वाकडी दिसली तर ती तुमच्यासाठी कडक आहे. यजमानांसाठी उताणं झोपून कमरेखाली हात घालायचा. हात मोकळा आरपार गेला तर गादी कडक, अजिबात शिरला नाही तर मऊ.

आणि उशी कुठली आहे? जुनीच असेल तर आधी तिच्याकडे बघा. बसलेल्या गादीत खांदा खोल जायचा, तेव्हा पातळ उशी पुरत होती. आता खांदा वर राहतो, म्हणून डोकं आणि गादी यांतलं अंतर वाढलं. तीच उशी ठेवली तर मान खाली झुकते आणि खालच्या खांद्यावर ताण येतो.

प्रतिसाद २

पाठीला कडक गादीच चांगली, असं कुणी सांगितलं तर त्यावर गादी ठरवू नका. 2003 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले होते. जुनाट कंबरदुखी असलेल्या 313 जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली, कुणाला कुठली हे सांगितलं नाही. 90 दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. अर्थात ही चाचणी कंबरेची, खांद्याचा प्रश्न वेगळा.

मेमरी फोम उबेने मऊ होतो. खोली गार असेल तर तो बराच कडक लागतो, तेही पडताळून बघा. पलंगाच्या पट्ट्यांत फार अंतर असेल तर चांगली गादीही त्यात दबते.

प्रतिसाद ३

मुंग्या दिवसाही येत राहिल्या, हातातली ताकद कमी वाटली किंवा दुखण्याने रात्री जाग यायला लागली, तर गादीवर प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्तीचं उत्तर

मनापासून आभार. फोटो काढला. कंबर सरळ आहे, पण डोकं स्पष्टपणे खाली झुकलंय आणि खांदा कानाकडे ढकलला गेलाय. उशी जुनीच होती. तिच्याखाली टॉवेलची घडी ठेवून पुन्हा फोटो काढला, तर मानेची रेघ सरळ झाली. काल रात्री तशीच झोपले. मुंग्या आल्या नाहीत, पण खांद्याच्या टोकाला दाब अजून जाणवतो. नवऱ्याच्या कमरेखाली हात जेमतेम सरकतो, म्हणजे त्याचं ठीक दिसतंय. वर मऊ टॉपर, म्हणजे गादीवर पसरायचा वेगळा थर, घातला तर त्याची कंबर बुडेल का?

प्रतिसाद १

बुडू शकते. म्हणून पूर्ण रुंदीचा घेऊ नका, फक्त तुमच्या बाजूपुरता पातळ टॉपर घाला. आधी मऊ रजई चौपदरी करून तुमच्या अंगाखाली घ्या आणि काही रात्री झोपून बघा. तेवढ्याने खांदा सुटला तर गादी ठेवा. उशी नीट करूनही आणि मऊ थर घालूनही सकाळी तोच बिंदू दुखत असेल, तर मुदतीत परत करा आणि दोन बाजूंना वेगळा कडकपणा असलेली गादी बघा. नवी घ्यायला जाल तेव्हा मात्र स्वतःच्या कुशीवर, स्वतःची उशी नेऊन, किमान पंधरा मिनिटं झोपून बघा. पाठ टेकून केलेली परीक्षा तुमच्या कामाची नाही.