एरर देणारा पेनड्राईव्ह फॉरमॅट मारून वापरायचा का? माझं मत, नाही

धागाकर्ता:
कुणाचाही पेनड्राईव्ह उघडेना झाला की सल्ला एकच, फॉरमॅट मार. विंडोज पण तेच सांगतं, डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करा, आणि माणूस घाईत ओके दाबून मोकळा होतो. मला हा सल्ला घातक वाटतो. आत नँड फ्लॅशची चिप असते, तिच्या सेलमध्ये इलेक्ट्रिक चार्ज अडकवून डेटा साठवलेला असतो आणि दर वेळी पुसून नवं लिहिलं की सेल थोडी झिजते. जुन्या एसएलसी चिपा (एका सेलमध्ये एकच बिट) साधारण १ लाख वेळा हे सोसायच्या, आताच्या स्वस्त टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट) चिपांचा आकडा हजाराच्या घरात आलाय. खराब झालेले ब्लॉक, म्हणजे सेलचे गट, कंट्रोलर (फ्लॅश सांभाळणारी पेनड्राईव्हमधलीच दुसरी चिप) गुपचूप बाजूला काढतो आणि राखीवातले वापरतो, ते संपत आले की मग आपल्याला एरर दिसायला लागतात, म्हणजे तोवर आत बरीच पडझड झालेली असते. फॉरमॅटने झिजलेली सेल नवी होत नाही. त्यामुळे त्यावर लिहिणं ताबडतोब बंद, आधी पूर्ण ड्राईव्हची इमेज, म्हणजे एका फाईलमध्ये जशीच्या तशी प्रत, काढायची, रिकव्हरी त्या इमेजवर करायची आणि ड्राईव्ह बाद. चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं टूल) तर इमेजच्या आधी अजिबात नको.

डीटीपीवाला:
साहेब, पूर्ण असहमत. माझ्या दुकानात दिवसभर लोकांचे पेनड्राईव्ह लागतात आणि न उघडणाऱ्यातल्या बऱ्याच जणांची चिप ठणठणीत असते, बिघडलेलं असतं ते फाईल टेबल, म्हणजे कुठली फाईल कुठे आहे त्याची यादी. कॉपी चालू असताना इजेक्ट न करता खेचून काढतात ना, त्याने होतं. पेनड्राईव्हचा फॉरमॅट एफएटी३२ असो किंवा एक्सफॅट, त्यात जर्नल, म्हणजे चालू कामाची नोंदवही, नाही, त्यामुळे अर्धवट राहिलेलं काम अर्धवटच राहतं. चेकडिस्क चालवली की दोन मिनिटात उघडतो. आणि समजा सकाळी शाळेच्या बाई प्रश्नपत्रिका घेऊन आल्या, दहा मिनिटात प्रिंट पाहिजेत, त्यांना काय सांगू, थांबा ताई इमेज काढतो?

धागाकर्ता:
दादा, फाईल टेबलचं तुमचं म्हणणं मान्य, पण बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात हीच तर अडचण आहे. चेकडिस्क त्याच आजारी ड्राईव्हवर लिहिते. टेबल नुसतं थोडं बिघडलं असेल तर ठीक, पण चिपच नीट वाचली जात नसेल तर ती चुकीच्या माहितीवरून दुरुस्ती करते आणि शेवटी हातात राहतं फाउंड.००० नावाचं फोल्डर, आत सीएचके एक्स्टेंशनचे तुकडे, फाईलींची नावं गायब. प्रश्नपत्रिकेसाठी इमेज नको, तेवढी एकच फाईल पहिल्यांदा डेस्कटॉपवर कॉपी करा. पेनड्राईव्हवरूनच वर्डमध्ये उघडू नका, वर्ड त्याच फोल्डरमध्ये स्वतःची तात्पुरती फाईल लिहितं.

गाडीतली गाणी:
एवढं कशाला? माझ्या पेनड्राईव्हमध्ये भजनं आणि नाट्यगीतं आहेत, सगळी लॅपटॉपवर पण आहेत. एरर आला की फॉरमॅट, परत भरा, पूर्ण मरेपर्यंत चालवा. चालतंय तोवर वस्तू फेकणं मला पटत नाही, ई-कचरा काय कमी झालाय?

धागाकर्ता:
दुसरी प्रत असेल तर माझं काहीच म्हणणं नाही. मी बोलतोय ते एकुलत्या एक प्रतीबद्दल. लग्नाचे फोटो, आजोबांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, प्रबंधाचा मसुदा. लोक हे सगळं पेनड्राईव्हवर टाकून लॅपटॉपवरून उडवतात आणि त्याला बॅकअप म्हणतात, हे बघून खरंच जीव तुटतो.

रिपेरिंगवाला:
दोघांच्या मध्ये बोलतो. फॉरमॅटमध्ये पण फरक आहे. क्विक फॉरमॅट नुसतं टेबल नवं करतो, मागचा डेटा बराचसा काढता येतो. फुल फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून पुढे सगळीकडे शून्य लिहितो, त्यानंतर माझ्याकडे आणून उपयोग नाही. इमेजसाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा, ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अडलेल्या जागी नंतर परत येतं, मॅपफाईल (कुठवर वाचलं त्याची नोंद) ठेवली तर मध्येच ड्राईव्ह डिसकनेक्ट झाला तरी तिथून पुढे चालू करता येतं. मग त्या इमेजवर टेस्टडिस्क किंवा फोटोरेक, ही रिकव्हरीची सॉफ्टवेअर, चालवा. फोटोरेक फाईलच्या आतल्या खुणेवरून शोधतं त्यामुळे मूळ नावं मिळत नाहीत, फोटो मिळतात. पण ड्राईव्ह "नो मीडिया" दाखवत असेल तर सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, तिथे कंट्रोलर गेलेला असू शकतो आणि ते लॅबचं काम आहे. एकदम छोट्या, एकसंध (सगळं एकाच तुकड्यात असलेल्या) पेनड्राईव्हमध्ये तर चिप वेगळी काढता पण येत नाही, त्याचा खर्च वाढतो.

डीटीपीवाला:
राईट प्रोटेक्टेड येतं, म्हणजे ड्राईव्ह लिहूच देत नाही, त्याचं काय? रेजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगचा साठा) बदल करून सुटतो की.

रिपेरिंगवाला:
विंडोजच्या सेटिंगमुळे अडलं असेल तरच सुटतो. कंट्रोलरने स्वतःच लिहिणं बंद केलं असेल तर रेजिस्ट्री, डिस्कपार्ट (विंडोजची डिस्क सांभाळायची कमांड) काही चालणार नाही. आणि ते कुलूप तोडायच्या मागे लागूच नका हो, वाचता येतंय तेवढ्यात सगळं उतरवून घ्या.

डीटीपीवाला:
बरं, इमेजचं पटलं. पण बाद करायचं नाही पटलं. मी फॉरमॅटनंतर एच२टेस्टडब्ल्यू लावतो, ते पूर्ण ड्राईव्ह भरून परत वाचून तपासतं. ८ जीबीच्या चिपेवर ६४ जीबी दाखवणारे बनावट पेनड्राईव्ह पण त्यात पकडले जातात. एकही एरर नाही आला तर मी तो परत देणार, गरीब पोराला नवीन घ्या कसं सांगू?

धागाकर्ता:
टेस्ट आज लिहिलेलं आज वाचता येतं एवढंच सांगते. झिजलेल्या सेलमधून चार्ज लवकर गळतो, कपाटात सहा महिने ठेवल्यावर काय राहील ते त्यात कळत नाही. द्या परत, पण इकडून तिकडे फाईल न्यायलाच वापर आणि घरी गेल्यावर दुसरीकडे उतरव, एवढं त्या पोराला नक्की सांगा.

डीटीपीवाला:
ते सांगतो. चेकडिस्कवर मात्र अजून भांडणार आहे, संध्याकाळी दुकान बंद केल्यावर येतो.