सोनं उडालंय म्हणून नकली?

एकाने विचारलंय की थाई बुद्धमूर्तीचं सोनं गुडघ्यांवर उडालंय, खाली काळं दिसतंय, म्हणजे नकली का? तेवढ्यावरून मुळीच नाही. थायलंडमध्ये ओतीव ब्राँझवर आधी झाडाच्या चिकाचं काळं लाख-रोगण चढवतात आणि ते चिकट असतानाच सोन्याचा वर्ख बसवतात. वर्ख झिजला की रोगण डोकावणारच. उलट दुमडी-खाचांतसुद्धा एकसारखं झगमगतं सोनं दिसलं, तर मला आधी शंका येते.

मूर्ती उलटी करून बघा (दोघांनी धरा, जड असते). मेणाचा नमुना वितळवून त्याच्या जागी धातू ओतलेली पोकळ मूर्ती असेल तर आत भाजलेल्या मातीच्या गाभ्याचे कण चिकटलेले सापडू शकतात. डोक्यावरची ज्वाला बघून लगेच 'सुखोथाई (थायलंडमधलं जुनं राज्य) काळातली, ७०० वर्षं जुनी' ठरवू नका. ती घडण पुढेही शतकानुशतके होत राहिली.

आणि कृपा करून चिंच-मीठ लावू नका! देवघरातलं पितळ नाही ते. मऊ कोरडा ब्रश, बस्स.

तिथून विकत आणणार असाल तर बिलावर भागत नाही. १९६१च्या थाई कायद्याप्रमाणे पुरातन वस्तू देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो.