मानद कर्नल: मानाचे, मानद की सल्लागार?

विचारणा

सस्नेह नमस्कार. आमचे कुटुंब बरीच वर्षे टोरंटोजवळ राहते. माझी भाची टोरंटो स्कॉटिश रेजिमेंटमध्ये, म्हणजे कॅनडाच्या लष्करी राखीव दलातील एका पायदळ रेजिमेंटमध्ये, भरती झाली आहे. येथील मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी मी त्या रेजिमेंटची ओळख करून देणारा लेख लिहीत आहे आणि पदनामांपाशी अडलो आहे. कर्नल-इन-चीफ, ऑनररी कर्नल, ऑनररी लेफ्टनंट कर्नल, कमांडिंग ऑफिसर, ॲडज्युटंट, रेजिमेंटल सार्जंट मेजर, पाइप मेजर ही सारी नावे एकाच रेजिमेंटमध्ये नांदतात. पहिल्या मसुद्यात मी 'प्रमुख कर्नल', 'सन्माननीय कर्नल' आणि 'उपकर्नल' असे शब्द योजले होते. मसुदा वाचून माझ्या बहिणीने विचारले, "एका पलटणीला इतके प्रमुख कसे, आणि हुकूम नेमका कोणाचा चालतो?" मला उत्तर देता आले नाही. काही पदांना सरळ 'सल्लागार' म्हणावे का?

उत्तर

सप्रेम नमस्कार. आपल्या बहिणीचा प्रश्न अगदी मर्मावर आहे, कारण या पदनामांचे भाषांतर अडते ते शब्द सापडत नाही म्हणून नव्हे, तर मराठीत 'पद' हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो म्हणून. लष्करात हुद्दा वेगळा आणि नेमणूक वेगळी. कॅप्टन, लेफ्टनंट कर्नल, चीफ वॉरंट ऑफिसर हे हुद्दे आहेत. कमांडिंग ऑफिसर, ॲडज्युटंट, रेजिमेंटल सार्जंट मेजर, पाइप मेजर या नेमणुका आहेत, म्हणजे त्या हुद्द्याच्या माणसावर सोपवलेली कामे आहेत. आपण दिलेल्या यादीत दोहोंची सरमिसळ असल्यामुळे वाचणाऱ्याला प्रमुखांची गर्दी दिसते. लेखात प्रथम हा भेद सांगून टाकावा, म्हणजे अर्धा गोंधळ तेथेच मिटेल.

आता 'हुकूम कोणाचा' याविषयी. हुकूम कमांडिंग ऑफिसरचा, आणि त्याचा हुद्दा लेफ्टनंट कर्नलचा. येथे मराठी वाचकाला कोडे पडते, कारण भारतीय सेनेत रेजिमेंट म्हणजे अनेक पलटणींचे घराणे असते. मराठा लाइट इन्फन्ट्री ही रेजिमेंट, तिचे केंद्र बेळगावला, आणि तिच्या पलटणी देशभर. सातारा-कोल्हापूरकडचा जवान 'माझी पलटण' म्हणतो तेव्हा तो बटालियनविषयी बोलत असतो. टोरंटो स्कॉटिशसारख्या राखीव रेजिमेंटमध्ये मात्र घराणे आणि पलटण एकच असते, म्हणून एका लेफ्टनंट कर्नलच्या हाताखाली सारी रेजिमेंट येते. या नेमणुकीसाठी मला 'समादेशक' हा शब्द योग्य वाटतो. राज्य राखीव पोलीस दलाच्या गटप्रमुखासाठी तो आपल्याकडे रूढ आहे, आणि त्यात 'आदेश' आहे, जो या यादीतील इतर बड्या नावांत नाही. पहिल्या उल्लेखात 'कमांडिंग ऑफिसर' लिहावे, पुढे 'समादेशक' चालवावे. या नेमणुकीचे वजन किती, हे आपल्या रेजिमेंटच्या इतिहासातच दिसते. टोरंटो स्कॉटिश पहिल्या महायुद्धातील ज्या ७५ व्या कॅनेडियन बटालियनचा वारसा सांगते, तिचे समादेशक लेफ्टनंट कर्नल सॅम्युअल बेकेट १ मार्च १९१७ रोजी फ्रान्समधील विमीच्या टेकडीवरील चढाईत आपल्या सैनिकांबरोबर असतानाच मारले गेले.

'लेफ्टनंट' या शब्दाचा मूळ अर्थ दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा असा आहे. मराठीत याला अगदी नेमका शब्द होता, तो म्हणजे मुतालिक. लेफ्टनंट कर्नल म्हणजे कर्नलचा मुतालिक. तो आज वापरावा असे मी सुचवत नाही, पण त्याने इतिहास उलगडतो. अठराव्या शतकापर्यंत ब्रिटनमध्ये कर्नल हा रेजिमेंटचा जवळजवळ मालक असे. तिच्यावर त्याचे नाव असे, तिच्या खर्चाचा व्यवहार त्याच्या हाती असे, आणि रणांगणावर तिला नेण्याचे काम बहुधा त्याच्या मुतालिकाकडे, म्हणजे लेफ्टनंट कर्नलकडे असे. आपल्याकडच्या सरंजामी पथकांची रीत ज्यांना माहीत आहे त्यांना हे परके वाटणार नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात कुळाचे नायक आपल्या प्रदेशातील माणसे जमवून रेजिमेंट उभी करत. १७९३ साली मॅकेन्झी कुळाच्या नायकाने उभी केलेली ७८ वी हायलँडर्स ही अशीच एक, आणि दहाच वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, ती आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेपुढे उभी होती. या लढाईनंतर 'असई' हे नाव आणि हत्तीचे चिन्ह तिच्या सन्मानात आले. हे थोडे विषयांतर झाले, पण स्कॉटिश रेजिमेंटांच्या इतिहासात मराठी मुलखातील एका गावाचे नाव कायमचे कोरले गेले आहे, हे आपल्या अंकाच्या वाचकांना कळावे असे मला मनापासून वाटते.

मालकी गेली, पण कर्नलची जागा उरली, आणि त्या उरलेल्या जागेतूनच आपली दोन अवघड पदनामे आली आहेत. पहिले कर्नल-इन-चीफ. याला 'प्रमुख कर्नल' म्हटले की वाचक त्याला सरसेनापतीच्या पंगतीत बसवतो. वास्तविक हा मान सामान्यतः राजघराण्यातील व्यक्तीकडे असतो. टोरंटो स्कॉटिशच्या बाबतीत १९३७ पासून २००२ मध्ये निधन होईपर्यंत तो राणी एलिझाबेथ यांच्याकडे, म्हणजे पुढे राजमाता म्हणून ओळखल्या गेलेल्या एलिझाबेथ यांच्याकडे होता, आणि त्यांचे नाव आज रेजिमेंटच्या पूर्ण नावातही आहे. एप्रिल १९४० मध्ये या रेजिमेंटच्या सैनिकांनी लंडनमध्ये बकिंगहॅम राजवाड्यावर पहारा दिला होता, म्हणजे हे नाते केवळ कागदावरचे नव्हते. तरीही कर्नल-इन-चीफ रेजिमेंटला लढाईचा किंवा कवायतीचा हुकूम देत नाहीत. पुण्यात 'मानाचा गणपती' म्हणताना आपण त्याला इतर गणपतींवर अधिकार देत नाही, अग्रस्थान देतो. 'मान' या शब्दाचा हा खास मराठी अर्थ येथे चपखल बसतो, म्हणून 'मानाचे प्रमुख कर्नल' असे एकदा समजावून पुढे 'कर्नल-इन-चीफ' हेच नाव ठेवावे, असे माझे मत आहे.

दुसरे पद ऑनररी कर्नल, आणि खरी चर्चा याचीच व्हायला हवी. 'सन्माननीय' हा शब्द येथे चालणार नाही, कारण 'माननीय' आणि 'सन्माननीय' ही संबोधने आहेत. व्यासपीठावरील प्रत्येक पाहुणा सन्माननीय असतो. मी स्वतः पूर्वी एका अनुवादात हीच चूक केली होती आणि वाचकांनी त्या गृहस्थांना निवृत्त कर्नल समजून घेतले. 'मानद' हाच शब्द बरोबर आहे, मात्र मराठीत मानदचे अनेक रंग आहेत आणि त्यांतला कोणता येथे लागू आहे ते सांगितले पाहिजे. मानद डॉक्टरेट हा गौरव आहे, तिच्याबरोबर काम येत नाही. भारतीय सेनेत ज्येष्ठ सुभेदार किंवा सुभेदार मेजर यांना सेवेच्या अखेरीस मिळणारा मानद कॅप्टनचा हुद्दा हा आयुष्यभराच्या नोकरीची पावती आहे. साताऱ्याकडच्या ज्या गावांत घराघरांतून माणसे सेनेत गेली, तेथे 'ऑनररी कॅप्टन' ही पाटी दारावर दिसली की लोक आदराने थांबतात. महेंद्रसिंह धोनी यांना २०११ मध्ये प्रादेशिक सेनेत मिळालेला मानद लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा तिसऱ्या प्रकारचा. त्यात एका नामवंत खेळाडूचा गौरव आहे आणि तरुणांना सेनेकडे वळवण्याचा हेतूही आहे.

टोरंटोचे मानद कर्नल या तिन्हींत बसत नाहीत. त्यांची जवळची जोडी मला आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतील मानद वन्यजीव रक्षकाशी लागते. तो वनखात्याचा नोकर नसतो, वेतन घेत नाही, पण त्याची नेमणूक शासन करते, ठरावीक मुदतीसाठी करते, आणि त्याने जंगलाकडे लक्ष ठेवावे, खात्याला सल्ला द्यावा, लोक आणि खाते यांच्यामध्ये दुवा व्हावे अशी अपेक्षा असते. कॅनडात मानद कर्नल आणि मानद लेफ्टनंट कर्नल यांची नेमणूक संरक्षणमंत्र्यांच्या अधिकारात होते, सामान्यतः तीन वर्षांसाठी होते आणि ती वाढवता येते. ही माणसे माजी सैनिक असू शकतात, तशीच उद्योग, शिक्षण किंवा समाजकार्यातील नागरिकही असू शकतात. त्यांना गणवेश असतो, पण हुकमाचा अधिकार नसतो. राखीव सैनिक आठवड्यातील एखादी संध्याकाळ आणि महिन्यातील एखादा शनिवार-रविवार कवायतीला देतो आणि उरलेला वेळ आपल्या नोकरीत किंवा महाविद्यालयात असतो. अशा सैनिकाला सरावासाठी रजा मिळावी म्हणून मालकवर्गाशी बोलणे, वाद्यपथकाला किंवा संग्रहालयाला निधी मिळवून देणे, परदेशी गेलेल्या सैनिकांच्या घरच्यांची विचारपूस करणे, आणि दर काही वर्षांनी बदलणाऱ्या समादेशकाला रेजिमेंटची रीत समजावून सांगणे, हे त्यांचे काम.

संस्कृतात 'मानद' म्हणजे मान देणारा. मराठीत तो अर्थ उलटून 'मानाखातर दिलेला' असा झाला. या पदाला मात्र मूळ अर्थही शोभतो, कारण मानधनसुद्धा न घेता येथे माणूस रेजिमेंटला आपला वेळ आणि नाव देतो.

पुढील शंका (दुसऱ्या वाचकाकडून)

उत्तर वाचून समाधान झाले. माझे वडील सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. रेजिमेंटल सार्जंट मेजरला सुभेदार मेजर म्हणता येईल का? आणि मानद कर्नल सल्लाच देत असतील, तर 'सल्लागार कर्नल' हा शब्द वाचकाला अधिक सरळ वाटणार नाही का?

उत्तर

आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा. कामाच्या दृष्टीने दोन्ही पदे पुष्कळ जवळची आहेत. दोघेही सैनिकांमधून वर आलेले, दोघेही समादेशकाच्या कानाशी असलेले, आणि शिस्त, पोशाख, सैनिकांची सुखदुःखे याविषयी ज्यांचे म्हणणे समादेशक टाळत नाही असे. परंतु सुभेदार मेजर हे कनिष्ठ राजादिष्ट अधिकारी, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, आहेत, जवान त्यांना सलामी देतात. रेजिमेंटल सार्जंट मेजर हा चीफ वॉरंट ऑफिसर असतो, त्याला अधिकाऱ्याचा दर्जा नसतो आणि सलामीही नसते, तरी कवायतीच्या मैदानावर त्याच्या आवाजाचा धाक सर्वांत मोठा असतो. म्हणून 'आपल्या सुभेदार मेजरसारखा' असे समजावणीत अवश्य लिहावे, पण पदनाम म्हणून नको. येथील 'मेजर'चा मेजर या हुद्द्याशी संबंध नाही, हेही एका वाक्यात सांगावे. पाइप मेजरचेही तसेच. तो बॅगपाइप वाजवणाऱ्यांचा नायक असतो आणि हुद्द्याने बहुधा सार्जंट किंवा वॉरंट ऑफिसर असतो. ॲडज्युटंट हा बहुधा कॅप्टन असतो आणि समादेशकाचे प्रशासन तो सांभाळतो. शब्दाचा मूळ अर्थ मदतनीस असला तरी 'सहायक' मुळीच लिहू नये, कारण भारतीय सेनेत अधिकाऱ्याच्या दिमतीला असलेल्या जवानाला सहायक म्हणतात, आणि माजी सैनिकाच्या घरी तो लेख गेला तर विनाकारण अपमान वाटेल.

'सल्लागार'विषयी मात्र माझा विरोध आहे. सल्लागार कोण नसतो? रेजिमेंटचा पाद्री समादेशकाला सल्ला देतो, डॉक्टर सल्ला देतो. टोरंटो स्कॉटिशच्या शस्त्रागाराला ज्यांचे नाव दिले आहे ते कॅप्टन बेलेंडेन हचेसन ७५ व्या बटालियनचे डॉक्टरच होते, आणि २ सप्टेंबर १९१८ च्या लढाईत तोफांच्या माऱ्यात जखमींवर उपचार केल्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. काही रेजिमेंटांत जुन्या अधिकाऱ्यांची सभा असते, तिला ते सेनेट म्हणतात. तिला 'सल्लागार मंडळ' म्हणणे योग्य आहे, कारण सल्ला हेच तिचे काम. मानद कर्नलांचा सल्ला मात्र त्यांच्या नात्यातून येतो. घरातला वडीलधारा माणूस व्यवहार मुलांच्या हाती सोपवून बसलेला असतो, तरी लग्न ठरवताना त्याला विचारले जाते. त्याला आपण घरचा सल्लागार म्हणत नाही. शिवाय मराठीत आज 'सल्लागार' म्हटले की करार, शुल्क आणि अहवाल डोळ्यांपुढे येतात.

'राखीव' या शब्दालाही एक ओळ द्यावी. राज्य राखीव पोलीस दलातील जवान पूर्णवेळ नोकरीत असतो, त्यामुळे आपला वाचक 'राखीव' म्हणजे मागे ठेवलेली पूर्णवेळची फौज असे समजतो. आपली १९४९ मध्ये सुरू झालेली प्रादेशिक सेना स्वभावाने अधिक जवळची आहे, परंतु ते आपल्या संस्थेचे विशेषनाम आहे, ते दुसऱ्या देशाच्या दलाला लावू नये. 'नोकरी-शिक्षण सांभाळून सेवा करणाऱ्या सैनिकांची राखीव रेजिमेंट' हे लांब असले तरी खरे आहे.

पहिल्या विचारणाकर्त्यांच्या सोयीसाठी एक मजकूर लिहून देतो, हवा तसा बदलावा: "टोरंटो स्कॉटिश ही नोकरी-शिक्षण सांभाळून सेवा करणाऱ्या सैनिकांची राखीव रेजिमेंट आहे. तिचा कारभार कमांडिंग ऑफिसर, म्हणजे समादेशक, पाहतात, त्यांचा हुद्दा लेफ्टनंट कर्नलचा असतो आणि आदेश त्यांचाच चालतो. सैनिकांच्या बाजूने त्यांच्याजवळ रेजिमेंटल सार्जंट मेजर असतात. मानद कर्नल आणि मानद लेफ्टनंट कर्नल यांची नेमणूक सरकार करते. ते वेतन घेत नाहीत आणि आदेश देत नाहीत, मात्र रेजिमेंटची परंपरा, तिची माणसे आणि भोवतालचा समाज यांना जोडून ठेवतात. कर्नल-इन-चीफ हा राजघराण्याकडे असलेला मान आहे."